पहिला नंबर कुणाचा?

(स्नेहसंमेलनाच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजन समितीने निवृत्त झालेल्या प्रत्येकाला एकच सूचना दिली होती. आयुष्यभर जे काम केलंत त्यातलं काहीतरी वीस मिनिटांत सांगा, आजारपण आणि नातवंडं सोडून. आपल्या डॉक्टरांनी गुडघ्यांवर बोलून त्यातली पहिली अट सकाळीच मोडली आहे. मी बत्तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. दुपारी दोनच्या तासाला मुलांना जागं ठेवायचा एकच उपाय मला सापडला होता, तो म्हणजे पर्समधून पत्त्यांचा कॅट काढून टेबलावर ठेवणं. तेव्हा आज मी पत्त्यांवर बोलणार आहे, आणि तेही पोकरवर. पुढच्या रांगेत सरांच्या कपाळावर आठी दिसते आहे. सर, मागच्या बाकांवरून जप्त केलेले किती कॅट तुमच्या कपाटात होते, ते आम्हाला माहीत आहे. काळजी करू नका, मी जुगार शिकवणार नाही. पैसे कसे लावायचे ते मला येत नाही आणि या विषयाला ते लागतही नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की पत्त्यांत कुठला हात वर आणि कुठला खाली, हे ठरतं कशावरून?

'हात' हा शब्द आधी स्पष्ट करते. मेंढीकोट खेळताना आपण 'हात केला' म्हणतो, तो हात हा नव्हे. पोकरमध्ये हात म्हणजे खेळणाऱ्याची पाच पानं मिळून जे काही होतं ते. बावन्न पानांतून पाच पानं उचलायचे एकूण प्रकार २५,९८,९६० आहेत. सव्वीस लाखांना थोडे कमी. यातल्या निम्म्याहून किंचित जास्त हातांत काहीच नसतं, जोडीसुद्धा नाही. १३,०२,५४० हात असे रिकामे. त्यांच्यावर एक जोडी, १०,९८,२४०. म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव वेळा तुमच्याकडे काहीच नाही किंवा फार तर दोन सत्त्या आहेत. सिनेमात पोकर दाखवतात तेव्हा दर डावाला कुणाकडे तरी चार एक्के निघतात, ते विसरून जा.

जोडीच्या वर दोन जोड्या, त्यांच्या वर तिकडी, म्हणजे तीन राजे किंवा तीन पंज्या. त्याच्या वर स्ट्रेट, म्हणजे क्रमाने लागलेली पाच पानं, रंग कुठलेही. त्याच्या वर फ्लश, म्हणजे पाचही पानं एका रंगाची, सगळी बदाम किंवा सगळी किलवर. मग फुल हाउस, म्हणजे एक तिकडी आणि एक जोडी. मग चौकडी. आणि सगळ्यांत वर एकाच रंगाचा क्रम, स्ट्रेट फ्लश. त्यातही दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का असा लागला तर त्याला रॉयल फ्लश म्हणतात. असे हात सव्वीस लाखांत फक्त चार, प्रत्येक रंगाचा एक.

या क्रमामागे नियम एकच, जे दुर्मीळ ते वर. आणि दुर्मीळ किती, ते बोटांवर मोजता येतं. फुल हाउसचंच बघू. तिकडी कशाची? तेरा पर्याय. त्या चार पानांतून तीन घ्यायची, चार प्रकार. जोडी कशाची? उरलेले बारा पर्याय. तिथे चारांतून दोन घ्यायची, सहा प्रकार. तेरा गुणिले चार गुणिले बारा गुणिले सहा, ३,७४४. बाई, तुम्ही फळ्यावर शिकवलेल्या गुणाकारापलीकडे यात काहीही नाही. असंच मोजत गेलं तर फ्लश ५,१०८ येतात, स्ट्रेट १०,२००, तिकड्या ५४,९१२. चौकडी ६२४ आणि रॉयलसकट स्ट्रेट फ्लश फक्त ४०. जसजसे वर जाल तसतसे आकडे लहान होत जातात, एकाही ठिकाणी गडबड नाही. माझ्या वर्गात इथपर्यंत सगळी मुलं खूश असायची. अगदी न्याय्य व्यवस्था.

मग मी त्यांना तीन पत्तीकडे न्यायची.

तीन पत्ती, कुठे फ्लश, कुठे तिरट. गणपतीच्या जागरणाला मंडपामागे जे चालतं ते. इथे निम्म्या मंडळींनी मान खाली घातली आहे, ते सोडा. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ ठरवलं आणि त्याच निकालात तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा म्हटलं, तोच हा खेळ. तो पोकरचा चुलतभाऊ. इंग्रजांच्या ब्रॅग नावाच्या खेळावरून आपल्याकडे आला. ज्यांनी दोन्ही खेळ खेळले आहेत त्यांना एक गोष्ट खटकलेली असेल. पोकरमध्ये फ्लश स्ट्रेटच्या वर, आणि तीन पत्तीत बरोबर उलटं, सिक्वेन्स कलरच्या वर. आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला होता, 'मॅडम, आपल्या लोकांनी उलटं केलं.' नाही. कुणीही उलटं केलेलं नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

कारण पानं किती हातात आहेत, यावर सगळं अवलंबून असतं. दोन्हीकडे बसणारे हात धरून आकडे सांगते. तीन पानांत क्रमाचे हात ७६८ आणि एका रंगाचे १,१४४. क्रम दुर्मीळ, म्हणून तो वर. आता क्रमात प्रत्येक जागेला चार रंगांपैकी कुठलंही पान चालतं. त्यामुळे हातात एक पान वाढलं की क्रमाचे हात जवळजवळ चौपट होतात. चार पानांत २,८१६, पाच पानांत १०,२४०. रंगाचं तसं नाही. इस्पिकची तेराच पानं आहेत, त्यातूनच पुढचं पान आणायचं. म्हणून चार पानांत एका रंगाचे हात २,८६० आणि पाच पानांत ५,१४८. आधी अडीचपट, मग दुपटीलाही कमी. चार पानांचा खेळ असता तर ही दोघं जवळपास बरोबरीत असती, फरक अवघा चव्वेचाळीसचा. तीन पानांत एक पुढे, पाच पानांत दुसरा पुढे. शर्यतीचं अंतर वाढवलं की पहिला येणारा बदलतो, तसं.

इथपर्यंतही ठीक आहे. पण तीन पत्तीतलं सगळ्यांत वरचं पान, म्हणजे ट्रेल, तीन एक्के किंवा तीन दुर्र्या. त्याच्या खाली प्युअर सिक्वेन्स, एका रंगाचा क्रम. हे मोजू या. ट्रेल किती? तेरा प्रकारची पानं, प्रत्येकात चारांतून तीन घ्यायचे चार प्रकार. बावन्न. प्युअर सिक्वेन्स किती? एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत बारा क्रम, प्रत्येक चार रंगांत. अठ्ठेचाळीस.

अठ्ठेचाळीस बावन्नपेक्षा लहान आहे. म्हणजे प्युअर सिक्वेन्स जास्त दुर्मीळ, आणि तरीही तो खाली. इथे दुर्मीळ ते वर हा नियम मोडला आहे, आणि शेकडो वर्षं कुणाचं काही बिघडलेलं नाही. ब्रॅगमध्येही हेच आहे. शिवाय तिथे तीन एक्क्यांपेक्षाही तीन तिर्र्या मोठ्या मानतात. का, तर तशी पद्धत आहे. १९९४ साली डेरेक वेब नावाच्या गृहस्थांनी कॅसिनोंसाठी तीन पानांचं पोकर काढलं, त्यात मात्र हा क्रम सुधारून घेतला आहे. तिथे एका रंगाचा क्रम पहिला आणि तिकडी दुसरी. कॅसिनोवाल्यांना पद्धतीपेक्षा हिशेब प्रिय असतो. मला स्वतःला विचाराल तर मी ट्रेलच्या बाजूने आहे. समोरच्याने तीन राजे सतरंजीवर टाकले की जो आवाज सगळ्यांच्या तोंडून निघतो, तो पाच-सहा-सात किलवरला निघत नाही. चार हातांच्या फरकाने तो आवाज बदलणार नाही.

आता पोकरच्या जन्मगावी जाऊ. हा खेळ अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या बाजूला, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजला आणि मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींतून वर सरकत गेला. जोसेफ कॉवेल नावाचा एक इंग्रज नट १८२९ च्या डिसेंबरात लुईव्हिलहून न्यू ऑर्लिन्सला बोटीने चालला होता. बोटीवर लोक काय खेळत होते ते त्याने १८४४ साली छापलेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. ते पोकर आजचं नव्हतं. तेव्हा बावन्न नव्हे, फक्त वीस पानं असत. एक्के, राजे, राण्या, गुलाम आणि दश्श्या. चार जण, प्रत्येकी पाच पानं, कॅट संपला. पानं बदलून घ्यायची सोय नाही. वर-खाली ठरवायचं ते एवढ्यावरच: एक जोडी, दोन जोड्या, तिकडी, फुल, चौकडी. फुल हाउसला 'फुल' म्हणतात ते तेव्हापासून, कारण पाचही पानं कामाला लागलेली असतात, एकही भरतीचं नसतं. चार एक्के, किंवा चार राजे आणि वर एक एक्का हातात आला की तुम्हाला कुणी हरवूच शकत नसे. आजच्या पोकरमध्ये असा निर्धास्त हात नाही. रॉयल फ्लशलाही दुसऱ्या रंगाचा रॉयल फ्लश बरोबरीत येऊ शकतो, कारण पोकरमध्ये इस्पिक आणि किलवर सारखेच, रंगाला मान नाही.

फ्लश आणि स्ट्रेट या यादीत नव्हते. का नव्हते, ते वीस पानांचा हिशेब केला की लगेच कळतं. हा हिशेब मला फार आवडतो. वीसातून पाच पानं घ्यायचे प्रकार १५,५०४. त्यात एक जोडीचे ७,६८०, दोन जोड्यांचे ४,३२०, तिकड्या १,९२०, फुल ४८०, चौकड्या ८०. बेरीज करा. १४,४८० झाले. उरले १,०२४. हे कोण? ज्यांच्याकडे एकही जोडी नाही ते. आणि पानं पाचच प्रकारची असल्यामुळे जोडी नसलेला हात एकच असू शकतो: दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का. प्रत्येकाचा एकेक, रंग कुठलेही. बोटीवर हा सगळ्यांत भिकार हात. काहीच जमलं नाही म्हणून पानं उपडी टाकायची. आणि या भिकार हातांत चार हात असे, की ज्यांत पाचही पानं एका रंगाची.

म्हणजे रॉयल फ्लश. आजचा पहिला नंबर. १८२९ साली त्या बोटीवर तो कुणाला आला असेल तर त्याने तोंड वाकडं करून टाकून दिला असेल. दोन दश्श्या त्याला हरवत होत्या.

आणि दुर्मीळ म्हणावा तर तो दुर्मीळ होताच. पंधरा हजारांत चार. नुसता 'काहीच नाही'वाला हातसुद्धा १,०२४, म्हणजे तिकडीपेक्षा दुर्मीळ. पण त्याकडे त्या नजरेने कुणी पाहिलंच नव्हतं. पुढे खेळणारे वाढले, चार जणांत भागेना, म्हणून बावन्न पानं आली. मग एका रंगाची पाच पानं जमणं याला काही अर्थ आला आणि फ्लश मान्य झाला. स्ट्रेट त्याच्याही नंतर. त्याला कुठे बसवायचं यावर अमेरिकेत बराच काळ एकमत नव्हतं, आणि डाव मांडण्याआधी 'स्ट्रेट धरायचा की नाही' हे ठरवून घ्यावं लागे.

इथे मला आमच्यातल्या एकीची आठवण काढायची आहे. नाव घेत नाही, मुलींच्या बाजूला बसलेल्या सगळ्यांना कळेल. गेल्या दिवाळीनंतर ती गेली. आपल्या वेळी प्रगतिपुस्तकात शिवण आणि चित्रकला असायची, पण त्यांना श्रेणी मिळे, गुण बेरजेत धरत नसत. बेरीज भाषा, गणित, शास्त्र, समाजशास्त्र यांची. त्या बेरजेवर वर्गातला नंबर, आणि नंबरावर पुढच्या वर्षीची तुकडी. ती 'क' मध्ये गेली. तिला टेप लागत नसे. समोर उभ्या असलेल्या बाईकडे बघून ती ब्लाउजचं कापड कापायची आणि ते बसायचं. गॅदरिंगला पस्तीस मुलींचे पोशाख तिने आठवीत असताना एकटीने बेतले होते. बाई, तुम्हाला आठवत असेल, कापड उरलं होतं. पुढे तिने त्याच हातावर दोन मुलांची शिक्षणं केली. पण मागच्या संमेलनाला भेटली तेव्हाही नवीन सुनेशी माझी ओळख करून देताना म्हणाली, 'ही आमची पहिल्या नंबराची, आणि मी शेवटून तिसरी, ढ.' साठी उलटून गेली होती. मी तिला त्या दिवशी बोटीची ही गोष्ट सांगितली. ती हसली आणि म्हणाली, 'बरं आहे, पण प्रगतिपुस्तकावर सही बाबांची होती.' त्यावर संख्याशास्त्रात उत्तर नाही.

पुढे जाते.

माझ्या वर्गात हुशार मुलं इथे एक शंका काढायची. मॅडम, नेमके पाचच पत्ते धरले तर प्रत्येक हात सारखाच दुर्मीळ ना? अगदी बरोबर. इस्पिकचा एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी येणं आणि बदामाची दुर्री, किलवरची तिर्री, चौकटचा चव्वा, इस्पिकची पंजी, किलवरची सत्ती येणं, दोन्हीची शक्यता सव्वीस लाखांत एकच. मग दुर्मीळ कोण? दुर्मीळ हात नसतो, दुर्मीळ गट असतो. आणि गट कुणीतरी पाडलेला असतो. आता मी एक नवा गट पाडते, दोन, तीन, चार, पाच आणि सात, रंग मिश्र. असे हात किती? १,०२०. फुल हाउसच्या ३,७४४ पेक्षा किती कमी, बघा. तरी नेहमीच्या पोकरमध्ये हा सगळ्यांत खालचा हात आहे, रिकाम्यांतला रिकामा. दुर्मीळ ते वर हा नियम खरा, पण गट आधी ठरतात आणि मोजणी नंतर येते. आणि हसू नका, अमेरिकेत पोकरचाच एक प्रकार खेळतात, ज्यात सगळ्यांत लहान हात जिंकतो. तिथे हाच दोन-तीन-चार-पाच-सात पहिला नंबर.

गटांबद्दल एक गंमत जाता जाता. पाच पानांत फुल हाउस ३,७४४. तीन पत्तीत जोड्या किती, ठाऊक आहे? त्याही ३,७४४. योगायोग नाही. तुमच्याकडे तीन राजे आणि दोन सत्त्या असतील तर चौथा राजा कुठला ते ठरलेलंच आहे. तिन्ही राजे ठेवून द्या आणि तो चौथा उचला. झाली तीन पत्तीतली सत्तीची जोडी, वर एक राजा. उलटही करता येतं. प्रत्येक फुल हाउसला एक जोडी, प्रत्येक जोडीला एक फुल हाउस. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले होते.

आज टीव्हीवर जे पोकर दिसतं ते बहुतेक टेक्सास होल्डेम. लास व्हेगासची मोठी स्पर्धा, १९७० पासून चालू आहे, तिचा मुख्य सामनाही याच प्रकाराचा. यात दोन पानं तुमची, पाच पानं मध्ये सर्वांची, आणि या सातांतून उत्तम पाच निवडायची. सात पानांचे प्रकार १३,३७,८४,५६०, तेरा कोटींच्या वर. यांत ज्यांच्याकडे काहीच जमत नाही असे हात २,३२,९४,४६०. दोन जोड्या जमणारे ३,१४,३३,४००. एक जोडी जमणारे ५,८६,२७,८००. नीट ऐकलंत ना? सात पानांत काहीच न जमणं हे एक जोडी किंवा दोन जोड्या जमण्यापेक्षा दुर्मीळ आहे. मग नियमाप्रमाणे रिकाम्या हाताला जोडीच्या वर बसवायला नको का?

बसवून बघा. ज्याच्याकडे एक जोडी आहे तो सात पानांतून जोडीतलं एक पान वगळेल, उरलेल्यांतून पाच वेगवेगळी पानं दाखवेल आणि म्हणेल, माझ्याकडेही काहीच नाही. त्याला कोण अडवणार? निवड त्याची आहे. एका क्षणात सगळे जोडीवाले रिकाम्यांत जाऊन बसतील आणि रिकामा हात सगळ्यांत स्वस्त होईल. म्हणून तो खालीच ठेवतात. हे आपल्याकडच्या शिधापत्रिकांसारखं आहे. कुठल्या रंगाच्या कार्डाला काय मिळतं हे जाहीर झालं की त्या रंगाची कार्डं वाढतात.

हेच दुखणं जोकर घेतला की उघडं पडतं. रमी खेळणाऱ्यांनी लक्ष द्यावं. पाच पानांच्या पोकरमध्ये एक जोकर घाला, हवं ते पान म्हणून चालणारा. आता तुमच्याकडे जोकर, दोन राजे, एक सत्ती, एक चव्वा आहे. जोकरला राजा म्हटलं तर तिकडी. सत्ती म्हटलं तर दोन जोड्या. तुम्ही काय म्हणाल? जे वर आहे ते. आज तिकडी वर आहे, म्हणून सगळे तिकडी म्हणतील. असे जोकरवाले हात ८२,३६८. ते मूळच्या तिकड्यांत मिळवले की तिकड्या होतात १,३७,२८०. दोन जोड्या राहतात मूळच्याच, १,२३,५५२. म्हणजे दोन जोड्या दुर्मीळ झाल्या. अन्याय झाला, क्रम बदला. ठीक, दोन जोड्या वर, तिकडी खाली. लगेच ते ८२,३६८ जण जोकरला सत्ती म्हणायला लागतील. दोन जोड्या होतील २,०५,९२० आणि तिकड्या ५४,९१२. आता तिकडी दुर्मीळ! पुन्हा क्रम बदला. पुन्हा तेच. फळ्यावर हे करताना मी मुद्दाम तीन-चारदा पुसून लिहायची. मागच्या बाकावरून कुणीतरी 'मॅडम, पुरे' म्हणेपर्यंत.

दोन अमेरिकी गणितज्ञांनी १९९६ साली यावर एक छोटा लेख लिहिला. असा जोकर घेतल्यावर नेहमीच्या हातांचा, दुर्मीळ ते वर ठेवणारा क्रम लावताच येत नाही. कुठलाही लावा, लावल्याबरोबर तो चुकतो. कारण इथे आधी मोजणी आणि मग नंबर असं राहत नाही. नंबर बघून लोक आपली पानं सांगतात, आणि सांगितलेल्या पानांची मोजणी होते.

जुन्या पोकरवाल्यांनी यावर गणित न करताच तोड काढली होती. त्यांनी जोकरचे हक्क कापले. या अर्ध्या जोकरला ते 'बग' म्हणतात, म्हणजे किडा. तो फक्त एक्का म्हणून चालतो, किंवा स्ट्रेट अथवा फ्लशमधलं अडलेलं पान म्हणून. दोन राजांबरोबर आला तर तो तिसरा राजा होत नाही, नुसता एक्का राहतो. जोडीची तिकडी करायची की दोन जोड्या, हा प्रश्नच निघत नाही. अपवाद फक्त एक्क्यांच्या जोडीचा, तिथे तीन एक्के होतात. एवढं चालवून घेतात.

समितीची दुसरी चिठ्ठी आली आहे. पहिलीत 'पाच मिनिटं' होतं, हिच्यात 'चहा निवतोय' असं आहे. रात्री जेवणानंतर हॉलमध्ये सतरंज्या घालणार आहेत असं कळलं. कॅट माझ्याकडे आहे, दोन्ही जोकर काढून ठेवले आहेत. ट्रेल वर आणि प्युअर सिक्वेन्स खाली, असंच खेळू. लावायला चिंचोके आणा, सर येणार आहेत.